इंजिन थंड असताना

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. चार पाने भरून तू तीन गाड्यांच्या अश्वशक्तीचे, शून्यावरून शंभरावर पोहोचायला लागणाऱ्या सेकंदांचे आणि कमाल वेगाचे आकडे उतरवून काढलेस, आणि शेवटच्या ओळीत, जणू सहज आठवले म्हणून, विचारलेस की पन्नाशीच्या उंबरठ्यावर जुनी स्पोर्ट्स कार घेऊन तीच रोज कामावर न्यायची हा वेडेपणा ठरेल का. त्या ओळीचे उत्तर आधी देतो : ठरणार नाही. गेली दोन वर्षे मी हेच करतो आहे आणि पुन्हा निवड करायची वेळ आली तरी हेच करीन. मात्र तुझ्या चार पानांतला एकही आकडा या निवडीत फारसा उपयोगी पडणार नाही, आणि तो का पडणार नाही हे सांगण्यासाठी हे लांबलचक पत्र.

घरच्यांनी तुला ‘मिडलाइफ क्रायसिस’ म्हणून चिडवले, हे तू जरा मनाला लावून घेतलेले दिसते. एलियट जॅक्स नावाच्या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये हा शब्दप्रयोग पुढे आणला, तो आयुष्याच्या मध्यावर माणसाला स्वतःच्या मरणाची जी पहिली खरी जाणीव होते तिच्याविषयी लिहिताना, आणि त्याची उदाहरणे थोर कलावंतांची होती. लाल रंगाची गाडी त्यात लोकांनी मागाहून आणून उभी केली. तेव्हा ते सोडून दे. आपल्या वयात अशी गाडी परवडण्याचे कारण फार साधे आहे : मुले मोठी झाली, मागच्या सीटवर आता कोणी बसत नाही.

आता मूळ मुद्दा. रोजच्या गाडीचे आयुष्य वेगात जात नाही. ते सिग्नलला थांबण्यात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अरुंद जागेतून गाडी बाहेर काढण्यात आणि तिच्यात बसण्या-उठण्यात जाते. म्हणून जी गाडी ताशी चाळीसलाही चालवावीशी वाटते तीच घ्यावी, आणि जिची गंमत ताशी दीडशेच्या पुढे सुरू होते ती दुसऱ्या कोणाला घेऊ द्यावी. उदाहरण म्हणून तुझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेली होंडा एस२००० बघ. १९९९ मध्ये ती आली तेव्हा तिच्या दोन लिटरच्या इंजिनाची लाल रेघ, म्हणजे ज्याच्या पुढे ते फिरवू नये ती मर्यादा, मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर होती, आणि व्हाल्व्हची दुसरी, खरी जोरकस चाल सुरू होते तीच मुळी सहा हजारांच्या आसपास. यंत्र म्हणून तिच्यापुढे मी टोपी काढतो. पण कामावर जाताना तू सहा हजार फेऱ्यांपर्यंत किती वेळा जाशील? रोज जाता-येता हाताशी लागते ती खालच्या फेऱ्यांवरची ओढ, आणि त्या भागात ही गाडी तशी मुकीच असते. ज्या इंजिनासाठी तू पैसे मोजशील त्याचा अर्धा भाग तुला फक्त सुटीच्या दिवशी, तोही पहाटे, भेटेल.

त्याउलट, आकडे लहान म्हणून जी तू यादीत घेतलीच नाहीस ती माझदा एमएक्स-५ बघ. १९८९ पासून आजपर्यंत चार पिढ्या झाल्या, २०१६ मध्येच दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला, त्यामुळे तिच्या दुखण्यांची आणि त्यांवरच्या उपायांची माहिती मेकॅनिक लोकांना तोंडपाठ असते. पहिल्या पिढीचे वजन एका टनाच्या आत होते आणि चौथीचेही टनाच्या आसपासच आहे. हलकी गाडी ब्रेक, टायर, क्लच सगळेच कमी खाते. शिवाय साध्या वळणावर, कायदा न मोडता, तिची चाके काय करताहेत ते हातांना कळते. मला विचारशील तर अश्वशक्तीपेक्षा वजन आधी विचारावे. अर्थात या नियमालाही शेवट आहे. १९९६ ची लोटस एलिस जेमतेम सव्वासातशे किलोंची, पण तिच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची दाराखालची कड इतकी रुंद आणि उंच आहे की छप्पर लावलेले असताना आत शिरायचे म्हणजे आधी एक पाय, मग कंबर, मग डोके आणि शेवटी उरलेला पाय, असा क्रम पाठ करावा लागतो. बाहेर पडताना तोच क्रम उलटा, आणि तो बघायला नेमके कोणीतरी उभे असते.

हसू नकोस, बसण्या-उठण्याची परीक्षा मी सर्वांत वरची मानतो. गाडी बघायला जाशील तेव्हा चालवून बघण्याआधी तिच्यात दहा वेळा बस आणि दहा वेळा उतर. पहिल्या तीन वेळा उत्साह उचलून धरतो, सातव्या वेळी गुडघा खरे बोलतो. मग क्लच वीस-पंचवीस वेळा सलग दाबून बघ, कारण वाहतुकीच्या कोंडीत तो तेवढा सहज दाबावा लागतो. सीटवर वीस मिनिटे नुसता बसून राहा. मालकाशी गप्पा मारत बसलास तरी चालेल. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना मीटरवरचे आकडे चष्मा न बदलता दिसतात का, मागून येणाऱ्या उंच गाडीचे दिवे नेमके आरशातून डोळ्यांत येतात का, हेही संध्याकाळी एकदा बघ.

टायरचा मुद्दा थोडक्यात. बाजूवर २२५/४० आर१८ असे लिहिलेले असेल तर टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि रबराच्या कडेची उंची तिच्या ४० टक्के, म्हणजे अवघी ९० मिलिमीटर. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एवढीच गादी. त्याच गाडीची लहान रिमची आवृत्ती मिळत असेल तर ती घे, दिसायला जरा साधी असली तरी.

आता गाडी तपासण्याविषयी, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण मॉडेल निवडण्यापेक्षा त्या मॉडेलमधली नेमकी कोणती गाडी घ्यायची हे कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे. ज्या गाडीला चांगला मालक लाभला तिचे नाव काही का असेना. माझी गाडी घेण्याआधी मी एक चंदेरी गाडी जवळजवळ घेतलीच होती. इंजिन थंड ठेवा, मी आल्यावरच चालू करू, असे विक्रेत्याला दोनदा बजावून सांगितले होते, कारण इंजिनातल्या साखळीची खडखड, धूर, व्हाल्व्ह उघडणाऱ्या लिफ्टरचा टकटक आवाज हे सारे इंजिन थंड असतानाच उघडे पडते. मी पोहोचलो, बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट. उन्हात उभी होती म्हणाले. ती सावलीत होती. मी सोबत नेलेले कोड वाचायचे यंत्र जोडले. त्यात एकही दोष नोंदलेला नव्हता, पण गाडीचा संगणक स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असतो त्या जवळपास सगळ्या ‘अपूर्ण’ दिसत होत्या. दोष लपवायला त्या संगणकाची स्मृती पुसली की असे होते, आणि त्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नाना तऱ्हांनी चालावी लागते. विचारल्यावर उत्तर तयार होते : परवाच बॅटरी बदलली. बॅटरीची तार काढली तरीही असे होते हे खरे, म्हणून मी वाकून पाहिले. बॅटरीच्या माथ्यावर धुळीचा मऊ थर होता आणि तिच्या टोकांवर हिरवट-पांढरा क्षार साचला होता. मी चहूकडून गाडी पुन्हा एकदा बघितली, ती खरोखरच देखणी होती, आणि परत आलो. त्या रात्री मला वाईट वाटले हे तुझ्यापासून लपवत नाही.

त्यानंतर मी किलोमीटरच्या आकड्यापेक्षा इतर गोष्टी आधी पाहू लागलो. चालक आत शिरताना सीटच्या ज्या कडेवर घासतो ती बाहेरची उशी किती झिजली आहे, ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंगचे कातडे कुठे चमकते, हे मीटरपेक्षा कमी खोटे बोलतात. टायरच्या बाजूवर चार अंकांची एक खूण असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच जातीचे आणि जवळजवळ एकाच वयाचे असतील तर मालक हात आखडणारा नव्हता असे समजावे. चार चाकांवर तीन प्रकारचे टायर दिसले तर ब्रेक ऑइलही त्याने वेळेवर बदलले नसणार. ते हवेतले पाणी शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि दिसत नसल्यामुळे पहिल्यांदा तेच टाळले जाते. कापडी छपराची गाडी असेल तर लाजू नकोस, मॅट उचलून खालच्या गालिच्यात बोटे खुपस. छपरावरचे पाणी ज्या बारीक नळ्यांतून खाली जाते त्या पानांनी तुंबल्या की ते आत झिरपते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी दाराखालच्या पोकळीतून गंजत राहते. माझ्या गाडीतही गालिचा ओला निघाला होता. त्या नळ्यांतून मी चिमूटभर काळा लगदा काढला आणि तेवढ्यावर भागले, पण ते नशीब.

फार कमी चाललेल्या गाडीचा मोह आवर. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी चपटे पडतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते, आणि तू ती रोज चालवू लागलास की पहिल्या सहा महिन्यांत ती मागच्या दहा वर्षांचा हिशेब तुझ्याकडून वसूल करते. नेमाने चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती जपलेली गाडी रोजच्या कामाला केव्हाही बरी.

तुझ्या यादीतल्या पोर्शे बॉक्स्टरबद्दल वेगळे लिहितो, कारण तिथे तुझा जीव अडकला आहे हे अक्षरावरून कळते. १९९६ मध्ये सुरू झालेली ही गाडी रोजच्या वापराला वाटते त्यापेक्षा सोयीची आहे. इंजिन मधोमध असल्यामुळे पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या मिळतात. बॉनेट उघडून इंजिन बघू म्हणशील तर तिथे सामानाची जागा निघेल. पण २००८ पर्यंतच्या इंजिनांत मधल्या शाफ्टचे, म्हणजे आतल्या एका फिरत्या दांड्याचे, एक बेअरिंग असते आणि ते गेले तर बहुधा इंजिनच जाते. सगळ्यांचे जात नाही, पण ज्याचे जाते त्याचे सगळे जाते. २००९ च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तेव्हा घ्यायचीच तर एक तर ती नंतरची घे, नाही तर बेअरिंग बदलल्याची पावती हातात ठेवणारी आधीची. ‘मालक म्हणाला की बदलले आहे’ हे वाक्य मला कळवू नकोस.

तिसरी, टोयोटा जीटी८६, तू कंटाळवाणी ठरवलीस ती बहुधा २०० अश्वशक्तीचा आकडा पाहून. माझ्या मते तुझ्यासाठी हीच सर्वांत योग्य आहे. २०१२ पासूनची, म्हणजे तिघींत वयाने लहान. वर पक्के छप्पर. मागच्या दोन सीटवर माणूस बसत नसला तरी पिशव्या बसतात, आणि पाठ खाली पाडली की चार सुटी चाके आत मावतात. चपटे इंजिन खाली बसवल्यामुळे गाडीचा तोल जमिनीलगत राहतो आणि मागची चाके वळणावर प्रामाणिकपणे बोलतात. मधल्या फेऱ्यांत तिचा जोर थोडा दबतो ही तक्रार खरी आहे, आणि आवाजही काही काळजाला हात घालणारा नाही. पण तुझा रोजचा प्रवास ज्या वेगाचा आहे त्या वेगात तिचे जवळजवळ सगळे गुण तुझ्या वाट्याला येतील.

रोजच्या वापराची एक शिस्त मात्र लावून घ्यावी लागेल. पाणी तापल्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापले असे नव्हे. ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि तोवर इंजिनाच्या फेऱ्या खालीच ठेवायच्या. दोन-चार किलोमीटरचेच प्रवास होत राहिले तर ऑइलमध्ये वाफेचे पाणी आणि पेट्रोल साचत जाते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिला तासभर मोकळ्या रस्त्याने ने आणि ऑइल पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या अर्ध्यावरच बदल. पैशांचे म्हणशील तर ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा गाडीत न घालता बाजूला काढून ठेव. तो पहिल्याच वर्षी लागेल : टायर, ब्रेक, सस्पेन्शनची बुशे, आणि एखादी अशी वस्तू जिचे नावही तू तोवर ऐकलेले नसेल. गाडी चार दिवस मेकॅनिककडे अडकली तर कामावर कसा जाशील याचे उत्तर तुझ्याकडे नसेल, तर मात्र यातली एकही घेऊ नकोस.

पुढच्या रविवारी तू जी गाडी बघायला जाणार आहेस तिच्या मालकाला आजच कळव, की आम्ही सकाळी येऊ आणि तोवर गाडी चालू करू नका. आम्ही असेच लिहितो आहे, कारण मी सोबत येणार आहे. विजेरी, कोड वाचायचे यंत्र आणि गाडीखाली अंथरायला एक जुनी सतरंजी मी आणतो. तू फक्त सैल कपडे घाल. दहा वेळा बसायचे आणि उतरायचे आहे. आणि गाडी कितीही आवडली तरी मालकासमोर तोंडावर दाखवू नकोस, हे तुला जमणार नाही हे ठाऊक असूनही लिहितो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
जुना मित्र