विषय : ‘सर, हॉरर मूवी है ना’ हे उत्तर मान्य नसल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरशी शेवटचं बोलणं झालं. शेवटचं म्हणजे माझ्याकडून शेवटचं. आता जे काही ते लेखी.

शनिवारी रात्री तुमच्या ॲपवरून १४९ रुपयांना भाड्यानं घेतलेला त्या भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग. कुठला, ते सांगायची गरज नाही. ॲप उघडलं की आधी त्याचंच थोबाड दिसतं. १ तास ७ मिनिटांवर, पोरं तळघरात उतरतात तिथं, चित्र गोठतं. आवाज पुढं जातो. किंकाळी ऐकू येते आणि पडद्यावर जिन्याची पायरी. मग चित्र एकदम वरच्या मजल्यावर उडी मारतं. मधलं गायब. मागं घेऊन बघितलं, तिथंच अडकलं. वायफाय बंद करून मोबाईलच्या नेटवर बघितलं, तिथंच. तुमचेच बाकीचे सिनेमे त्याच टीव्हीवर बिनबोभाट चालतात. तेव्हा राऊटर बंद करून चालू करा, हे आता कुणी सांगू नये.

फोनवर मराठीसाठी २ दाबायला सांगितलं. दाबलं. हिंदी आली. असू दे, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात एका गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं ऐकू येतं, हिंदीनं काही बिघडत नाही. पुढचं मात्र जसंच्या तसं देतो. कॉल ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड होतो म्हणता, पण ट्रेनिंग झाल्याचं काही जाणवलं नाही.

‘सर, ये फाउंड-फुटेज मूवी है.’

म्हटलं, माहितीये. पात्रांनीच शूट केलेली टेप नंतर कुणाला तरी सापडली, असं दाखवणारा सिनेमा.

‘इसमें सर, कैमरा हिलता है.’

म्हटलं, मॅडम, हलत नाहीये. थांबलंय. हलायला पाहिजे तिथं थांबलंय, हीच तर तक्रार.

‘जी सर, वो इफेक्ट होता है. डराने के लिए.’

आवाज पुढं आणि चित्र मागं, हा इफेक्ट?

‘सर, हॉरर मूवी है ना.’

मग तुमचे सिनिअर लाइनवर आले. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये ‘बिल्कुल सर, बिल्कुल सर’ केलं आणि शेवटी अगदी गोड आवाजात विचारलं, ‘सर, आप ऐसी मूवी पहली बार देख रहे हैं क्या?’

साहेब, व्हीएचएस कॅसेटच्या काळापासून मी लग्नाचं शूटिंग करतोय. वरातीत, नाचणाऱ्यांच्या धक्क्यात, खांद्यावर कॅमेरा घेऊन. कॅमेरा हलणं कशाला म्हणतात आणि फ्रेम गळणं कशाला, हे मला शिकवायची वेळ तुमच्या माणसावर यावी? माझा कितीही हललेला शॉट असू दे, त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतातच. तुमच्या तळघरात १२ सेकंद एकच फ्रेम आहे. पाठवणीच्या शूटिंगमध्ये माझ्याकडून असं झालं तर नवरीचा बाप उरलेलं बिल देत नाही. आणि ‘काका, इफेक्ट आहे’ असं म्हणायची माझी छातीही होणार नाही.

आणि पहिल्यांदा कसलं बघतोय? १९९९ साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला, त्यात नटांच्याच हातात कॅमेरे दिले होते, तिथं हलणं समजू शकतो. पण ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’त बेडरूममधला कॅमेरा रात्री ट्रायपॉडवर असतो. हलत नाही. तरी लोक घाबरले. कॅमेरा हलला म्हणजे फाउंड-फुटेज, हे तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुणी लिहिलं, त्याला आधी तो सिनेमा दाखवा. फुकट दाखवा, १४९ घेऊ नका.

पुराव्याचा भाग तर ऐकण्यासारखा आहे. ‘स्क्रीन रेकॉर्डिंग भेजिए.’ तुमचंच ॲप रेकॉर्डिंग करू देत नाही, फाईलमध्ये नुसता काळा पडदा येतो, हे तुमच्या माणसाला माहीत नसावं. मग मी माझा कामाचा कॅमेरा काढला, ट्रायपॉड लावला, टीव्हीसमोर बसून तेवढा भाग शूट केला आणि पाठवला. उत्तर आलं : कंटेंटचं चित्रीकरण करणं आमच्या धोरणाविरुद्ध आहे. त्याखाली दुसरी ओळ : तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे, कारण – ग्राहकाला चित्रपट आवडला नाही.

नाही आवडला, हे खरंच आहे. पण ती तक्रार वेगळी आहे, आणि आता विषय निघालाच आहे तर तीही घ्या.

सापडलेलं फुटेज आहे ना? मग त्यात व्हायोलिन कुणी वाजवलं? जंगलात पडलेल्या मेमरी कार्डात पार्श्वसंगीत कोण भरून गेलं? कॅमेरा धरणारा पोरगा मधेच मरतो, त्यानंतरही शॉट छान फ्रेममध्ये, वर क्लोज-अपसुद्धा. आमच्या सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून विचारलं, ‘ते पोरगं मेलं की, मग शूटिंग कोण करायलंय?’ कुणाकडंच उत्तर नव्हतं. दुसरा भाग असं करतो हे मला नवीन नाही. ‘ब्लेअर विच’चा २००० सालचा दुसरा भागही हा प्रकार सोडून साध्या सिनेमासारखा काढला होता, आपल्याकडं ‘रागिनी एमएमएस २’नं २०१४ साली तेच केलं. पण तुम्ही वर पट्टी लावलीय, ‘सापडलेल्या टेपमधलं थरारक सत्य’. ती पट्टी तुमची आहे, दिग्दर्शकाची नाही.

अंधारातले चौकोन वेगळेच. अर्धा सिनेमा काळोखात, आणि काळोखातच तुम्ही डेटा वाचवलाय. भिंतीवर भूत आहे की ठोकळे, कळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायला मी लग्नाची हायलाइट दाबून बारीक करतो, तेव्हा असे ठोकळे पडतात. पण ती मी फुकट देतो.

आणि शेवट! काळ्या पडद्यावर अक्षरं येतात, मग कॅमेरा परत चालू होतो, तीच सगळी गंमत. अक्षरं आली तशी तुमच्या ॲपनं सिनेमा संपला असं ठरवून चित्र कोपऱ्यात पेटीएवढं केलं आणि कुठल्याशा लग्नाच्या विनोदी सिनेमाचा ट्रेलर ढोल वाजवत चालू केला. रिमोट सापडेपर्यंत भूत येऊन गेलं. यावर तुमचे सिनिअर म्हणाले, ‘सर, मूवी तो खत्म हो गई थी.’ तुमच्याच दुकानातला माल तुमच्या माणसांनी शेवटपर्यंत बघितलेला नाही.

पैसे परत मिळणार नाहीत कारण ‘प्लेबॅक सुरू झाला होता’. सुरू झाल्याशिवाय बंद पडलेलं कळणार कसं?

तुमच्यासाठी मी केबल काढली. गल्लीत चार घरांना तुमचं ॲप घेऊन दिलं. आता त्याच घरांत सांगत फिरणार आहे. तुळशीची लग्नं लागली की माझा सीझन सुरू होतो, रोज एका मांडवात असतो आणि जेवणाच्या पंगतीला मला बोलायला आवडतं.

सिनेमा बघून संपवायला तुम्ही ४८ तास देता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच द्यायलाही तुम्हाला ४८ तासच आहेत आणि निवारणाला एक महिना. माझे ४८ तास संपताच तुम्ही सिनेमा काढून घेतलात, तेव्हा वेळ पाळता येते असं दिसतं. नाहीतर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात मला जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. तारखेला सोलापूरला तुम्हाला यावं लागेल. मे महिना मिळाला तर टोपी घेऊन या.

मला १४९ रुपये परत हवेत, बंद केलेली तक्रार खऱ्या कारणासह पुन्हा उघडायला हवी, आणि ती १ तास ७ मिनिटांवर अडकणारी फाईल नीट करा. माझ्यासाठी नको, मी पुन्हा बघणार नाही. ऑटोपे आजच बंद केलंय.

आणि हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला, ‘आमच्या प्रतिनिधीशी बोलून कसं वाटलं? ५ पैकी गुण द्या.’ शून्याचं बटण दिलेलं नाही. तेही द्या.

तक्रारदार ग्राहक,
अशोक चौक, सोलापूर