बेस वायरीत नसतो हो!

मा. संपादक, स.न.वि.वि.

घोडबंदर रोडला नव्या फ्लॅटमध्ये जो तो होम थिएटर बसवतोय आणि दुकानदार स्पीकरपेक्षा वायरच जास्त गळ्यात मारतायत. आमच्या शेजाऱ्यांना परवा पाच मीटर स्पीकर केबलचे अठरा हजार सांगितले, वर 'काका, बेस कसा खुलतो बघा'! अहो, २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर घ्या, पाच मीटरला जाऊन-येऊन रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) होतो जेमतेम ०.०७ ओहम आणि स्पीकर असतो ८ ओहमचा, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, त्यात खुलणार काय डोंबल! अमेरिकेत भोंदू दाव्यांची पोल खोलणारे जादूगार जेम्स रँडींनी २००७ मध्ये असल्या महागड्या केबलचा फरक सिद्ध करा नि १० लाख डॉलर घ्या म्हटलेलं, ते बक्षीस कोणीच नेलं नाही.

आता वायरीने काहीच फरक पडत नाही असंही नाही. गणपतीत मंडळवाले ०.७५ची बारीक वायर चाळीस मीटर ओढतात, तिथे दोनेक ओहम वायरच खाते, मग आवाज पडला की अँप्लिफायरवाल्याला शिव्या. शिवाय आपल्याकडे खाडीची दमट हवा, वायरीची टोकं काळी पडतात, ती घासून स्क्रू घट्ट केले तर खरखर फुकटात जाते (हे मात्र कुठला सेल्समन सांगणार नाही).

अठरा हजारांत हॉलला जाड पडदे आणि गालिचा येतो, टाइल्सवरून घुमणारा आवाज तरी कमी होईल.

– एक वाचक, ठाणे (प.)