मांटा रे बघा, पण आंबोलीचा टोडही बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मालदीवच्या मांटा रे या भल्यामोठ्या पाकट माशाच्या रील्स सगळीकडे फिरतायत, दिसतात पण भारी, आणि लोक हळहळतात त्यातही गैर काही नाही. माझं म्हणणं एवढंच की आपल्या आंबोलीतल्या टोडला, म्हणजे बेडकाच्या जातीतल्या एका छोट्या जिवाला, वाचवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे आणि तेच आपण करत नाही. या मांटांपैकी रीफ मांटा ही वेगळी जात आहे हे शास्त्रज्ञांनी २००९ साली मांडलं, आंबोली टोडला नाव मिळालं तेही २००९ लाच, पण प्रसिद्धी मिळाली एकालाच.

मांटाचं दुखणं मोठं आहे. मादी साधारण वर्षभर पोटात वाढवून एकच पिल्लू देते, पुढचं व्हायला परत काही वर्षं, त्यात कल्ल्यांसाठी मारतात, जाळ्यात अडकून मरतात ते वेगळंच. मालदीवने २०१४ मध्ये सगळ्या पाकटांना संरक्षण दिलं पण मासा पोहत दुसऱ्याच्या पाण्यात गेला की काय करणार, तिथे चार देशांनी एकत्र बसायला हवं.

टोडचं सगळं जग म्हणजे आंबोली आणि आजूबाजूचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारं. पहिला पाऊस झाला की जांभ्याच्या कातळावर उथळ डबकी साचतात त्यातच अंडी घालणार, मग पावसाने दडी मारली की डबकं आटतं आणि बेडूकमासे मरतात, ते निसर्गाचं झालं. पण नेमकं त्याच दिवसांत धबधब्याचे वीकेंड सुरू होतात. अंगठ्याएवढा जीव, कुशीवर वाघासारखे पट्टे, रात्री ऐंशीच्या स्पीडने जाणाऱ्याला तो दिसणार तरी कसा? सकाळी डांबराला चिकटलेलं कातडं तेवढं राहतं. शिवाय सड्यावर गाड्या चढवून सेल्फी काढणारे आहेतच, चाकाखाली डबकं आलं तरी पत्ता नसतो.

याला कुठला आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. ग्रामपंचायत, वन खातं आणि बांधकाम खात्याने मे महिन्यातच बसून पहिल्या पावसाच्या रात्रींसाठी वेगमर्यादा ठरवावी, चार गतिरोधक घालावेत, सड्यावर गाडी नेली तर दंड करावा. आणि तुमच्या पावसाळी पर्यटनाच्या पुरवणीत आंबोलीचा फोटो छापाल तेव्हा खाली रात्री गाडी हळू चालवा एवढं तरी लिहा.

– एक वाचक, सावंतवाडी