चाचांनी मोबाईल का दाखवावा?

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गौरीच्या जेवणादिवशी मी भरल्या ताटावरून उठले, ते चुकलंच. गाडी पुण्यात शिरेपर्यंत आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. फोनवर बाबांचा आणि माझा आवाज लगेच चढतो, म्हणून लिहून पाठवते आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात, "तुम्हा शिकलेल्यांच्या तोंडाला कुलपं. खऱ्याला खरं म्हणायची छाती नाही." ते लागलं, कारण त्यात तथ्य होतं. २२ एप्रिल २०२५ ला काश्मिरात पहलगामला २६ माणसं मारली. धर्म विचारून मारली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी मैत्रिणीनं हे सरळ म्हटलं आणि मी विषय बदलला. शेजारी एक मुसलमान सहकारी उभा होता, त्याला वाईट वाटेल म्हणून. तर त्यानंच पुढं होऊन मारणाऱ्यांना अस्सल शिवी हासडली. मी गप्प बसून त्याला जपत नव्हतेच, मनातल्या मनात त्याला मारणाऱ्यांच्या पंगतीला बसवून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून ठरवलंय, गुळमुळीत बोलायचं नाही. तुमच्याशीही नाही.

२१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. घरच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, "देशद्रोही मोकाट सुटले." दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. तेव्हा लिहिलंत, "सत्याचा विजय." ते दोन्ही मेसेज मी वर-खाली करून कितीदा वाचले. लोकलमध्ये १८९ जीव गेले. संध्याकाळी दारात लोंबकळत घरी निघालेली माणसं. मालेगावात सहा, रमजानच्या रात्री, भिक्कू चौकात. दोन्ही खटल्यांत कोर्टाला पुरावा टिकाऊ वाटला नाही. म्हणजे बॉम्ब कुणी ठेवला, हे इतक्या वर्षांनी त्या घरांना कुणीही सांगू शकलेलं नाही. मग एका निकालानं घशाखाली घास उतरत नाही आणि दुसऱ्याला पेढे, असं कसं होतं? मेलेली सगळी आपल्याच देशाची होती ना? तुम्हाला देशाची चाड आहे हे मी लहानपणापासून बघत आले आहे. म्हणूनच हे तुम्हाला विचारते, दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं.

आणि आपल्या कोल्हापूरचे डावे नेते, कॉम्रेड गोविंद पानसरे. टोलविरोधी मोर्चात तुम्ही त्यांच्या आणि एन. डी. पाटील सरांच्या मागं चालला होता, घसा बसवून घरी आला होता. आईनं हळद घालून दूध दिलेलं आठवतंय. १६ फेब्रुवारी २०१५ ला, सकाळी फिरून येताना, त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला ते गेले. त्याआधी दीड वर्ष पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तसंच मारलं होतं. दाभोलकरांच्या खटल्यात २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. दहशतवादाचं कलम मात्र टिकलं नाही, तेही मी लपवत नाही. पण पहाटे फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला गोळी घालायची, म्हणजे बाकीचे आपोआप तोंड मिटतील, याला दहशत नाही तर काय म्हणायचं? त्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत, "असल्या विषयावर चारचौघांत बोलू नये." ते कुलूप मग कुणाच्या तोंडाला होतं?

आता जे बोलायला मी ताटावरून उठले, ते. पहलगामनंतर तुम्ही वर्कशॉपच्या चाचांना कट्ट्यावर सगळ्यांदेखत विचारलंत, "तुमच्यातल्यांनी निषेध केला का?" आईनं मला सांगितलं. चाचांनी म्हणे काही न बोलता खिशातून चष्मा काढला, मोबाईल उघडला आणि तिरंग्याचं स्टेटस तुमच्यापुढं धरलं. हात थरथरत होता. तीस वर्षं एस.टी.च्या गाड्यांखाली उताणं पडून ब्रेक दुरुस्त केलेला माणूस. त्याच गाड्यांतून तुम्ही तिकिटं फाडत फिरलात.

२०२३ चा ७ जून आठवा. कुणीतरी पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून अख्खं कोल्हापूर पेटलं होतं, शिवाजी चौकात दगडफेक, अश्रुधूर, इंटरनेट बंद. त्या दुपारी चाचांच्या दारात खुर्ची टाकून तुम्ही बसला होता, संध्याकाळपर्यंत. आई ओरडत होती, "अहो, आत या की!" तुम्ही हलला नाहीत. तेव्हा तुम्ही त्यांना काहीही विचारलं नव्हतं.

येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. रविवारी सकाळी आपण दोघं चाचांकडं जाऊ. माफीबिफी मागायला सांगत नाही, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. एवढंच म्हणा की तो मोबाईल दाखवायची काही गरज नव्हती.

आई, गुडघ्याचं तेल घेऊन येते. रांगेत उभं राहून दूध आणू नकोस, बाबांना पाठव.

तुमची,
ताई