अण्णांचे टक्के

कोल्हापूर,
20 जुलै 2025

प्रिय संज्या,

तुझे मिस्ड कॉल दिसत होते. फोनवर बोललो असतो तर रडलो असतो आणि तू ते जन्मभर सांगत फिरला असतास, म्हणून पत्र. आम्ही बरे. माझी शुगर आहे तिथंच आहे.

परवा न्यूरोलॉजिस्टनी अण्णांना शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णवपर्यंत आले, अडले, आणि डॉक्टरांनाच दरडावलं, "हातचा घेतलास का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. तुला 34 वर अडवून धरणारा माणूस रे तो! (एका मार्कानं सरांचं काय गेलं असतं, हे पालुपद आता बंद कर. बँकेत मॅनेजर झालास.)

तर आता टक्के त्यांनाच हवेत. प्राप्तिकराच्या कलम 80डीडीबीखाली साठीपुढच्या माणसाच्या ठरावीक आजारांच्या उपचाराला 1 लाखापर्यंत वजावट मिळते. त्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, पण अपंगत्व निदान 40 टक्के आहे असा तज्ज्ञाचा कागद लागतो. मी तिथं बसून मनात घोकत होतो, चाळीस तरी द्या. स्वतःच्या बापासाठी! डॉक्टरांनी साठ दिले. फर्स्ट क्लास.

सीए म्हणाला, अण्णांना पेन्शन आहे, ते तुमच्यावर अवलंबून आहेत हे दाखवणं अवघड. खर्च त्यांच्याच खात्यातून करा आणि वजावट त्यांच्याच रिटर्नमध्ये घ्या. विमा नाही, म्हणून 80डीखाली औषधपाण्याला 50 हजारांपर्यंत वेगळी सवलत आहे. तिथं अवलंबून असण्याची अट नाही, मी खर्च केला तर मला मिळेल. फक्त रोखीनं दिलेलं चालत नाही. पण हे सगळं जुन्या करप्रणालीत, आणि मला आकडेमोड केल्यावर नवीच स्वस्त पडते. म्हणजे माझ्या बाजूनं भोपळा.

अण्णांचा रिटर्न भरायचा तर ओटीपी त्यांच्या फोनवर येणार. फोन तांदळाच्या डब्यात सापडला. मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढलीय म्हणून वाचलो.

आणि खरा पैसा जातो तो अण्णांना सांभाळणाऱ्या मावशींवर. दिवसाच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. त्यांचं नाव काढलं की सीए नुसती नकारार्थी मान हलवतो. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय, उत्पन्नाची अट नाही, 5 लाखांचं कवच, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. अण्णांना कुठं दाखल व्हायचंय? त्यांना पहाटे चारला शाळेत जायचं असतं. चपला लपवून ठेवतो आम्ही. (कोल्हापुरीची नक्कल करणाऱ्या प्राडा या इटलीवाल्यांच्या भीतीनं नव्हे.) दादा पुण्याहून पैसे वेळेवर पाठवतो, सोबत सल्लाही. त्यावर एकदा रंकाळ्यावर बसून बोलू, कागदावर नको.

पिंकीला दहावीत 91? अभिनंदन, तुझ्यावर गेली नाही. वहिनींची पाठ कशी आहे?

आता कामाचं. अण्णांची सही जुळेनाशी झालीय. तुझ्या बँकेत अशा पेन्शनरचं काय करतात? दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो ना? पण कशावर अंगठा उठवतोय हेच ज्याला कळत नाही, त्याचं काय? कोर्टातून पालक नेमून आणा म्हणतात का? घरी माणूस येतो का? नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहेच. लिहूनच कळव, फोनवर तू विषय मिसळीवर नेतोस.

तुझा,
अव्या