टोपीने रंग बदललाच नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीतली, योरुबा पुराणकथांवर बेतलेली दोन मित्रांची जादूची गोष्ट नातीला वाचून दाखवली. नैर्ऋत्य नायजेरियातले देव आपल्या पुरवणीत आले, बरं वाटलं. ओशुन ही नदीची देवी, ओशोग्बो गावी तिची देवराई (२००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे), दर ऑगस्टला उत्सव. नात म्हणाली, "म्हणजे त्यांची कृष्णाबाईच की!" आम्ही वाईकर, तिला त्यात परकं काही वाटलं नाही.

तक्रार आहे ती टोपीची. छापलेल्या गोष्टीत एशू दोन शेतांमधल्या वाटेने जातो, मंत्र म्हणतो आणि टोपीचा रंग बदलतो. मूळ कथेत मंत्रबिंत्र काही नाही! एशू म्हणजे देव आणि माणसं यांच्यात निरोप नेणारा, चव्हाट्यावरचा देव. आपला कळीचा नारदच म्हणा. त्याची टोपी एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळी (कुणी पांढरी सांगतात). अलीकडच्या शेतातल्याला लाल दिसली, पलीकडच्याला काळी. खोटं कुणीच बोलत नव्हतं, तरी जिवलग मित्र हातघाईवर आले. तुमच्या मंत्राने हे सगळंच गेलं. भांडणही दोन ओळींत उरकलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे राहवलं नाही. पतंगाच्या कागदाची तशी टोपी केली. नात बोळाच्या या ओट्यावर, शेजारचा तिचा दोस्त समोरच्या, आणि मधून आमचे हे डोक्यावर टोपी घालून, मान ताठ ठेवून गेले. "लाल!" "काळी!" "खोटारडी!" दोन दिवस कट्टी. तिसऱ्या दिवशी पोराने ह्यांनाच गाठलं, "आजोबा, आता उलटे परत जा."

जाता जाता, चित्रातल्या मुलांना पानांचे घागरे कशाला? योरुबांचं निळीत रंगवलेलं आदिरे कापड प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या इफे नगरीतले ओतीव पितळी चेहरे पाचशेहून अधिक वर्षांचे आहेत.

पुढच्या अंकात टोपी नीट करून छापावी. आमची अजून शाबूत आहे. हवी तर चित्रकारासाठी पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)