ताटात मीठ असताना मीठ मागणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही 'त्यात काय जी' म्हणता आणि सायकलवर टांग टाकता. दुसरं कारण थोडं कुजकट आहे. ज्यांनी आमच्याकडून पैसे घेऊन आमचीच शोभा केली, त्यांच्याही नजरेस हे पडलं तर मला वाईट वाटणार नाही.

आमची भुरी तुम्हाला माहीतच आहे. सहा वर्षांपूर्वी पावसात भिजून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पायरीवर येऊन बसली, सासूबाईंनी तिला पदराने पुसलं आणि ती आमची झाली. पाच वर्षं ती कधी जेवणात आली नाही. सासूबाई गेल्या माघात गेल्या आणि चैत्रापासून भुरी पंगतीला यायला लागली. हा हिशोब घरातल्या एकालाही लागला नाही. आम्हाला फक्त मांजर दिसत होतं.

आणि काय दिसत होतं! ताटं मांडल्याचा आवाज आला की फ्रिजवरून धप्प उडी. मग एकेकाच्या मांडीवर पुढचा पंजा, नख अगदी हलकं रुतवलेलं, सावकार वसुलीला आल्यासारखं. आणि तो आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात मांजराला महिनाभर अन्न नाही. वजन मात्र 5 किलो 800 ग्रॅम! खोलीत कोंडलं तर दार ओरबाडायची आणि माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

उपाय सांगणाऱ्यांची रांग लागली होती. एका दवाखान्यात मोबाइलवरची नजर न उचलता 'डाएट फूड' लिहून मिळालं, भुरीला हातही न लावता. ऑनलाइन भेटलेल्या एका सल्लागाराने पंधरा मिनिटांचे साडेसातशे रुपये घेतले आणि सांगितलं, तोंडावर पाण्याचा फवारा मारा, नाहीच ऐकलं तर दोन दिवस उपाशी ठेवा. ते मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "लठ्ठ मांजराले उपाशी नोका ठेवू सूनबाई, दोन-तीन दिवसांत त्याच्या लिवरवर चरबी चढते, जीव जाते." नात्यातल्या एका शहाण्याने तर गोरेवाड्याच्या जंगलात सोडून यायला सांगितलं होतं. प्राण्याला असं उपासमारीत टाकून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. तेवढ्यात आपल्याकडे दोन माणसांचे तर्री-पोहे नीट होत नाहीत, पण ते असो.

तुम्ही पशुसंवर्धन खात्यातून व्रणोपचारक म्हणून निवृत्त झालात. गल्ली तुम्हाला डॉक्टर म्हणते आणि तुम्ही दर वेळी 'डॉक्टर नाही जी, ड्रेसर' म्हणून दुरुस्त करता. फी विचारली तर म्हणालात, "जेवाच्या वेळी बलवा. रोग जेवताना आहे, तं पाहाले जेवतानाच आलं पायजे."

पोळ्याच्या दोन दिवस आधीची ती रात्र. झुणका, भाकरी, फोडणीचं वरण. तुम्ही खुर्ची नाकारून खाली बसलात, आबांच्या शेजारी. भुरी आली, तिने तिचा खेळ सुरू केला. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही, आबांशी एम्प्रेस मिलच्या भोंग्याबद्दल बोलत राहिलात. आणि मग आबांचा डावा हात हळूच ताटाखाली गेला. बोटांत वरणात बुडवलेला भाकरीचा तुकडा होता. मी पाहिला. ह्यांनीही मान वळवायला सुरुवात केली होती. आमच्या घरात त्यापुढे काय होतं ते सांगायला नको. 'बाबा! किती वेळा सांगितलं!' मग आबा ताट सरकवून उठतात, मग माझा मुलगा, त्यांचा नातू, रडवेला, मग सगळ्यांचं जेवण विस्कटतं.

तेवढ्यात तुम्ही ह्यांना म्हणालात, "भाऊ, जरा मीठ द्या ना."

हे उठले, मिठाचा डबा आणायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा आबांचा हात मांडीवर होता, भुरी मिशा चाटत होती आणि बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आलं. मीठ तुमच्या ताटात होतंच. मीच वाढलं होतं, डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी. तुम्ही त्याला बोट लावलं नव्हतं. वर तुम्हाला बीपी आहे, हे काकूंकडून मला कधीचं माहीत आहे.

एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या पोराकडून, नातवासमोर बोलणं खावं लागू नये म्हणून तुम्ही नको असलेलं मीठ मागितलंत. काका, मी तशीच नळ सुरू ठेवून किती वेळ उभी होते ते मला सांगता येत नाही. आम्ही पाच महिने त्यांना चोर पकडावा तसं पकडत होतो. सासूबाई गेल्यावर त्या घरात आबांकडे काही मागणारं एकच उरलं होतं, आणि आम्ही त्यालाही हाकलत होतो.

बाकी तुम्ही जे केलंत ते थोडक्यातच लिहिते. आधी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त तपासून आणायला लावलंत, कारण साखर किंवा थायरॉइड बिघडलं तरी मांजर असंच वखवखतं. रिपोर्ट साफ आले. मग माझ्याशी बोललात, तेही अंगणात, आबांच्या कानाआड. "दहादा नाही म्हटलं अन् अकराव्यांदा देलं, तं ते अकरादा मागाले शिकते. मांजराची चूक काहीच नाही." आणि वरणातला लसूण-कांदा तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवला तरी. हे ऐकून मला दरदरून घाम फुटला. आमच्याकडे रविवारी सावजी रस्सा असतो, आणि त्याची बोटं तिने कितीदा चाटली असतील, देव जाणे.

आबांना मात्र तुम्ही यातलं काही सुनावलं नाहीत. त्यांना म्हणालात, "आबाजी, एक ड्युटी हाये. भुरीचं खाणं आता चारदा करा लागते, मोजून. सूनबाई हाफिसात, पोरगा शाळेत. दुपारी घरात जबाबदार माणूस कोण? शेवटची वाटी तुम्ही जेवाले बसाच्या आधी. लसूण-कांदा वर्ज्य, हे तुम्ही सगळ्यांवर ध्यान ठेवून पाहाचं."

आबा काही बोलले नाहीत. उठले, आतल्या कपाटातून एक स्टीलची वाटी घेऊन आले. तिच्यावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. आम्ही सगळे गप्प. तुम्ही वाटी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिलीत, नाव वाचलंत आणि एवढंच म्हणालात, "हीच बरोबर हाये."

पुढचा आठवडा वाईट गेला. आधी तिचं मागणं वाढेल मग उतरेल, असं तुम्ही बजावलं नसतं तर आम्ही तिसऱ्या दिवशीच हार मानली असती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तर कहर झाला. बाहेर गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर, आत नातवाचा लाकडी बैल आणि त्या बैलावर पाय ठेवून भुरीचं बोंबलणं. नातू ओरडला, "घेऊन जा गे मारबत, भुरीचं मागणं घेऊन जा!" आबा हसले. सासूबाई गेल्यानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. हात मात्र ताटाखाली गेला नाही. ड्युटीवर होते ना!

नवव्या की दहाव्या दिवशी ती आली, बसली, एकदा जांभई दिली आणि पडवीत निघून गेली. आता वजन 5 किलो 300 आहे. तेही मला आबांच्या वहीवरून कळतं. मिलमध्ये हजेरीपट भरलेला माणूस, त्यांनी भुरीचाही पट आखलाय. 'स. 7, खाल्लं. दु. 12, अर्धं ठेवलं. सं. 4, खाल्लं, नंतर झोप.' तुम्ही दर शनिवारी येऊन ती वही खरोखर वाचता, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. एकदा तर विचारलंत, "मंगळवारी अर्धं काहून ठेवलं, आबाजी?" आणि आबांनी तब्बल वीस मिनिटं कारण सांगितलं.

माणसं हुशार असतात, शिकलेली असतात, त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं असतात. समोरच्याचा अपमान होण्याआधीच तो ओळखून भलतीकडे बोट दाखवणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत. माझे वडील तसे होते. नंतर थेट तुम्ही.

ह्यांना मी मिठाची गोष्ट परवा सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आबांच्या खोलीत गेले आणि वही बघायला मागितली.

थंडी पडली आहे, बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या स्वस्त झाल्यात. रविवारी सांबारवडी करते आहे. काकूंना घेऊन या, आबांच्या शेजारची जागा ठेवली आहे. ताटात मीठ वाढलेलं असेलच, पण हवं तर पुन्हा मागा. या वेळी डबा आणायला मी उठेन.

तुमची,
भुरीच्या घरची सूनबाई